एका बाटलीचं पुण्य

रूपा सिस्टरच्या रागाची ख्याती दवाखान्याच्या फाटकापासूनच सुरू होई. धुळ्याच्या त्या ट्रस्टच्या डोळ्यांच्या दवाखान्यासमोर झुलाल चहाची गाडी लावत असे. नवा पेशंट आला आणि वॉर्ड कुठं म्हणून विचारू लागला, की झुलाल हातातली गाळणीही खाली न ठेवता सांगे, आत जा, जिकडून ओरडा ऐकू येईल तिकडं वळा, चुकणार नाही.

आणि तो ओरडा खोटा नसे. रूपा सिस्टर डोळ्यांच्या औषधावरून चिडे, आणि माणसं डोळ्यांच्या औषधाचं जे करतात ते पाहिलं तर कुणीही चिडावं. कुणी बाटली कमरेच्या पिशवीत तंबाखूशेजारी ठेवी. कुणी टोपण दातानं उघडी. कुणी थेंब नेमका आत जावा म्हणून बाटलीचं टोक सरळ पापणीला टेकवी आणि वर शहाणपणानं सांगे, बघा, वाया नाही गेला. दोन औषधं दिली तर दोन्ही लागोपाठ ओतून मोकळे होणारेही होते. दुसऱ्यानं पहिलं वाहून जातं, मध्ये पाच मिनिटं डोळा मिटून गप बसायचं असतं, हे सांगून सांगून तिचा घसा बसला होता. पण या सगळ्यांपेक्षा तिच्या डोक्यात तिडीक जाई ती उरलेली बाटली दुसऱ्याला देणाऱ्यांमुळे. अशा माणसाला ती दारातच गाठे, आणि मग त्याच्या सोबत आलेले नातेवाईकही भिंतीकडे तोंड करून उभे राहत.

तोंड तिखट, पण हात मऊ. साबणानं धुतलेले हात ती वाऱ्यावर वाळवी, बाटलीवरचं नाव वाचून पेशंटच्या तोंडून त्याचं नाव वदवून घेई, कुठला डोळा ते विचारी आणि मगच जवळ जाई. मान मागे, नजर छताकडे. खालची पापणी बोटानं अलगद ओढली की आत एक खोलगट जागा होते, तिथं एक थेंब. एकच, कारण डोळ्यात मावतोच एक. बाटली कशालाही टेकायची नाही. मग डोळा हलकेच मिटवून नाकाजवळच्या कोपऱ्यावर ती बोट धरून ठेवी, औषध घशात उतरू नये म्हणून. म्हातारी माणसं म्हणत, थेंब पडलेला कळला पण नाही. त्यावर ती म्हणे, कळायला काय तो दगड आहे.

ती मूळची भुसावळची, रेल्वेच्या क्वार्टरात वाढलेली. बाप प्रेमराज इंजिनांच्या शेडमध्ये फिटर. त्याच्या डोळ्यात कसलासा कण गेला, डोळा लाल झाला, आणि शेजारच्या भल्या माणसानं आपल्या घरात उरलेली बाटली आणून दिली. लाली दोन दिवसांत गेली. सगळे म्हणाले काय गुणकारी औषध आहे, आणि आतली जखम आतल्या आत वाढत राहिली. पुढं त्या डोळ्यात फूल पडलं आणि बाप जन्मभर मान वाकडी करून बघत राहिला. रूपाचा राग तिथून आला असं लोक म्हणत. तिला हे मान्य नव्हतं. ती म्हणे, मी पाळण्यातही अशीच होते, बापाचं निमित्त कशाला.

आता त्या पहिल्या थेंबाविषयी सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच झालं.

फुलचंदशेठ ट्रस्टचे मोठे देणगीदार. त्यांच्या आई पानबाई यांच्या पुण्यतिथीला दरवर्षी मोतीबिंदूचं शिबिर होई. साक्रीकडच्या डोंगरपाड्यांपासून माणसं जीपमधून आणत, फुकट ऑपरेशन, राहणं-जेवण सगळं ट्रस्टचं. शेठ माणूस वाईट नव्हता, आणि हेच रूपाला जड जाई. वाईट माणसाशी भांडायला सोपं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या पट्ट्या उघडल्या की शेठ पांढरे कपडे घालून येत, माइकवर चार शब्द बोलत, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या डोळ्यात औषधाचा पहिला थेंब स्वतःच्या हातानं टाकत. आईच्या म्हातारपणी तिच्या डोळ्यात ते स्वतः थेंब टाकत असत. ती सेवा पुढं चालू आहे असं ते मानत. घरातली माणसं मागून हात जोडून चालत, त्या पुण्याला मनानं साथ द्यायची, अनुमोदना म्हणून.

थेंब सगळ्यांना एकाच बाटलीतून. रूपा ट्रेवर प्रत्येकाच्या नावाची वेगळी बाटली मांडून ठेवी, शेठ त्यातली पहिली उचलत आणि रांगेच्या टोकापर्यंत तीच नेत. एक हात, एक बाटली, सगळ्यांना सारखं पुण्य, असं त्यांचं म्हणणं. बाटली पापणीला टेके, बुबुळावर घासे, आणि तशीच पुढच्या खाटेवर जाई.

डॉक्टरसाहेबांना हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. त्या वेळी ते आपल्या बुटांकडं बघत उभे राहत. रूपानं दरवर्षी भांडावं आणि त्यांनी दरवर्षी म्हणावं, सिस्टर, वर्षातून एकदाच तर आहे. एकदा तिनं विचारलंही होतं की जंतूंना त्या दिवशी सुट्टी असते का. ते हसले, आणि विषय संपला. आजवर कधी काही झालं नव्हतं, आणि तेच सगळ्यांच्या तोंडी होतं. आजवर काही झालं नाही म्हणणाऱ्या माणसाइतका राग तिला कुणाचाच येत नसे. आंधळ्यानं विहिरीच्या काठानं रोज चालावं आणि आजवर पडलो नाही म्हणून मिशीला पीळ द्यावा, असं ती म्हणे.

त्या वर्षी शिबिर श्रावणात आलं, आणि धुळ्यापासून साक्रीपर्यंत डोळे आलेले होते. शाळा निम्म्या रिकाम्या, बाजारात जो तो काळा चष्मा लावून. शिबिर पुढं ढकला म्हणून रूपा आठवडाभर मागे लागली. पुण्यतिथी पुढं ढकलता येत नाही, असं उत्तर आलं.

शिबिरात साक्रीजवळच्या एका गावाची भिकुबाई आली होती. सुकलेल्या शेंगेसारखी बारीक बाई, नवरा नाही, मुलगी दूर सुरतेला. गावात भावजयीच्या शेजारी एका खोलीत राहायची. तपासणीच्या दिवशी तिनं रूपाचा हात धरला आणि हळूच सांगितलं, "माय, मना एकच डोया शे. दुसरा कवयच गया." दुसऱ्या डोळ्यात बाजरीचं कुसळ गेलं होतं आणि कुणीतरी पाल्याचा रस पिळला होता. उरलेल्यात मोतीबिंदू पिकलेला. म्हणजे हा डोळा साधला तर ती आपली भाकर आपण थापणार, आणि बिघडला तर भावजयीच्या उंबऱ्यावर चाचपडत बसणार. रूपानं तिच्या ऑपरेशनच्या वेळी सगळ्यांवर दुप्पट आरडाओरडा केला. ऑपरेशन उत्तम झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या उघडल्या. भिकुबाईनं डोळा उघडला, मिचकावला, आणि समोरच्या खिडकीकडं, पंख्याकडं, आपल्याच हाताकडं बघत राहिली. रूपाला तिच्याजवळ थांबायचं होतं, पण तेवढ्यात माइक खरखरला. शेठ म्हणाले की डोळ्यात औषध घालण्याएवढं पुण्य नाही, आणि पुण्य वाटल्यानं वाढतं. टाळ्या झाल्या. शेठ रांगेला लागले.

भिकुबाईच्या अलीकडच्या खाटेवर सुपडूआबा होते. शेठ त्यांच्यावर वाकले तेव्हा रूपाला आबांचा दुसरा, बिनऑपरेशनचा डोळा दिसला. कडा लाल, पापण्या चिकटलेल्या. रात्रीतून डोळे आले होते. शेठनी थेंब टाकला, बाटलीचं टोक आबांच्या ओल्या पापणीत बुडालं आणि वर आलं. शेठ वळले. भिकुबाईनं मान मागे टाकली होती.

रूपानं शेठचं मनगट धरलं. कुणाला काही कळायच्या आत तिनं त्यांच्या हातातली बाटली काढून घेतली आणि खाटेखालच्या लाल बादलीत टाकली.

मागचे जोडलेले हात तसेच राहिले. माइक चालूच होता, त्यामुळं शेठ जे बोलले ते बाहेर झुलालनंही ऐकलं. ते ओरडले नाहीत. "माझ्या आईच्या नावाचं पुण्य तुम्ही बादलीत टाकलं, सिस्टर," असं ते म्हणाले.

रूपाचा चेहरा तापला होता. "आणि तुमच्या आईच्या डोळ्यात," ती म्हणाली, "दुसऱ्याच्या घाणेरड्या डोळ्यातून काढलेली बाटली घातली असतीत तुम्ही?"

शेठनी रिकामा हात खाली घेतला. ते वळले आणि निघून गेले, मागोमाग सगळं घर. मग डॉक्टरसाहेबांना कंठ फुटला. त्यांनी रूपाला खोलीत बोलावलं आणि शेठसमोर इतकी वर्षं गिळलेला राग सगळा तिच्यावर काढला. ट्रस्टची इज्जत, देणगी, तिची जागा, तिची भाषा. रूपानंही काही शिल्लक ठेवलं नाही. तिला शिबिराच्या कामातून काढल्याचं त्याच खोलीत ठरलं. ती बाहेर आली तेव्हा कानशिलं ठणकत होती, अंगणात जीपवाला हॉर्न वाजवत होता, आणि पेशंट पिशव्या घेऊन उभे होते.

सुपडूआबांना तिनं वॉर्डातच वेगळं ठेवलं. बाकीच्यांना बाटल्या वाटल्या आणि तोंडपाठ असलेलं सगळं भराभर सांगत सुटली. हात धुवा, टोक टेकवू नका, डोळा चोळू नका, डोक्यावरून पाणी नको, दुखलं तर तडक या. ती सांगत होती आणि मनात शेठशी, डॉक्टरांशी भांडत होती. भिकुबाईनं बाटली हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि काहीतरी विचारायला तोंड उघडलं.

रूपा म्हणाली, "आता काय आणखी?"

भिकुबाईनं तोंड मिटलं. समजलं ना, म्हणून रूपानं विचारलं तेव्हा तिनं मान डोलावली आणि जीपकडं गेली.

पुढचे दिवस रूपाला ओपीडीत नाव पुकारायला बसवलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. आपण बरोबर होतो आणि आपण एक डोळा वाचवला, हे तिनं झुलालला सांगितलं, घरी सांगितलं, भुसावळला बहिणीला फोन करून सांगितलं. आणि ते खरंच होतं, म्हणून ती आणखीच जोरात सांगे.

तपासणीच्या तारखेला भिकुबाई आली नाही. आली ती नंतर, साक्रीच्या बसनं, भावजयीचा हात धरून. भावजयीचे डोळे लालभडक. तिच्या मागच्या दोन बायांचेही तसेच. आणि भिकुबाईनं पदर बाजूला केला तेव्हा रूपाच्या हातातला केसपेपर टेबलावर पडला. ऑपरेशन केलेला डोळा सुजून मिटला होता, आणि उघडून पाहिला तर बुबुळावर एका कडेला पांढुरका डाग.

बाटली कुठं आहे म्हणून तिनं विचारलं. भिकुबाईनं कनवटीची गाठ सोडली. बाटली रिकामी, दाबून दाबून चपटी झालेली, टोकावर वाळलेली घाण. गल्लीत डोळे आले होते, भावजय बोलली. सगळे तळमळत होते, आणि अक्काकडं तर धुळ्याचं औषध होतं. अक्कानं सगळ्यांना टाकलं, रोज, दाराशी खाट टाकून. रांग लागायची.

"पुन्य वाटं ते वाढस, असं भाऊ बोलना व्हता ना," भिकुबाई म्हणाली.

मग रूपा जे सुटली ते सगळ्या ओपीडीनं ऐकलं. ज्या डोळ्यासाठी मी नोकरी पणाला लावली, तो तू गल्लीला वाटलास. अक्कल गहाण ठेवली होती का. ते औषध ऑपरेशनच्या डोळ्याचं, आलेल्या डोळ्यांचं नाही, त्यानं लाली लपते आणि रोग आत चरत जातो. पुण्य करायला तुला हाच डोळा सापडला. बाकांवरची माणसं मान खाली घालून बसली. भावजय रडायला लागली. भिकुबाई मात्र रडली नाही. रूपाचा श्वास संपेपर्यंत ती थांबली आणि मग बोलली.

"माले इचारानं व्हतं, बेन. पन तू तापेल व्हती."

रूपानं टेबलावरचा केसपेपर उचलला. तिनं भिकुबाईला दंडाला धरून उठवलं आणि नंबर मोडून सरळ डॉक्टरांच्या खोलीत नेलं.

डॉक्टरांनी तपासलं. दोष डोळ्याच्या आत उतरला नव्हता, वरच्या पडद्यावर जखम होती. वाचेल, पण आज भरती करा, तासातासाला थेंब. त्यांनी रूपाकडं पाहिलं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, बहुधा शिबिराविषयी. तिची नजर पाहून त्यांनी औषधं लिहिली आणि ती कुणी टाकायची हे लिहिलं नाही. ती रूपानंच टाकली. ओपीडीतली आपली खुर्ची तिनं कुणाला न विचारताच सोडली. दोन्ही औषधांच्या मधली वेळ ती खाटेशेजारी उभी राहून काढी, मलम शेवटी लावी, आणि तोंडातून अक्षर काढत नसे. वॉर्डातल्या पोरी तिला इतकं गप्प पाहून घाबरल्या.

फुलचंदशेठना कुणीतरी कळवलं. ते एका दुपारी आले आणि खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. रूपानं त्यांना बसा म्हटलं नाही. हिनं तुमचं भाषण मनावर घेतलं, एवढंच ती म्हणाली. शेठ त्या सुजलेल्या डोळ्याकडं बघत होते. त्यांनी खिशातून हात बाहेर काढला, पुढं केला, मग तो आपल्याच अंगरख्याला पुसला आणि निघून गेले. त्या दोघांत पुढंही कधी सलोखा झाला नाही. पण पुढच्या शिबिरात पहिला थेंब नव्हता. शेठनी प्रत्येकाच्या हातात त्याची बाटली दिली आणि घरी गेले.

भिकुबाईचा डोळा राहिला. डाग मात्र राहिला, बापाच्या डोळ्यातल्यासारखा, थोडा कडेला. तिला माणूस ओळखू येई, चूल दिसे, रस्ता दिसे. तांदळातला खडा आता दिसणार नव्हता. तिला तेवढं पुरेसं होतं आणि ती सगळ्यांना दुवा देत फिरत होती. रूपाला तिच्या त्या दुव्याचाही राग येई.

घरी सोडायच्या दिवशी रूपा नवी बाटली घेऊन तिच्याजवळ आली. शिबिरातून घरी पाठवताना ती उभ्याउभ्या बोलली होती. आज तिनं खुर्ची ओढली आणि बसली. हात धुण्यापासून ते उघडलेली बाटली महिनाभरच चालते इथपर्यंत सगळं एकेक सांगितलं, भिकुबाईकडून करून घेतलं, तिच्या तोंडून परत म्हणवून घेतलं. मग बाटली तिच्या हातात देण्याआधी थांबली. इतके दिवस जे विचारायची तिची हिंमत झाली नव्हती ते तिनं विचारलं, त्या दिवशी तुला काय विचारायचं होतं गं, अक्का?

भिकुबाईला आठवायला वेळ लागला नाही.

"बाटली मनी एकलीनी शे का बठ्ठा लोकसनी, येवढंच," ती म्हणाली. "पट्टी उघाडी, तव्हय माले पहिलं तेच दिखनं ना. भाऊ एकच बाटली लिसन बठ्ठासना डोयामा टाकत येस. मंग तू ती फेकी दिन्ही. कसाले फेकी, ते काय माले समजनं नही."

भर वॉर्डात रूपानं शेठला सुनावलं होतं, डॉक्टरला सुनावलं होतं, बाहेर झुलालला ऐकू जाईल असं सुनावलं होतं. आणि ज्या बाईच्या डोळ्यासाठी ते सगळं केलं, तिला बाटली का फेकली हे कुणी सांगितलंच नव्हतं. राग आताही आला, पण तो फेकायला समोर कुणी नव्हतं.

"तुझी एकटीची आहे, अक्का," ती म्हणाली. "भावजयीची नाही, गल्लीची नाही. पोटची पोर आली तरी तिची नाही."

भिकुबाईनं बाटली घेतली, स्वच्छ फडक्यात गुंडाळली आणि पिशवीत सगळ्यात वर ठेवली. दारापर्यंत गेली आणि मागे वळली. रूपा सवयीनं म्हणणारच होती, आता काय आणखी. तिनं दात घट्ट आवळले.

"आते तू तापेल ऱ्हायनी तरी इचारसू," भिकुबाई म्हणाली, आणि तिनं विचारलं, बाटली संपायच्या आधी महिना झाला तर उरलेली काय करायची.